नवव्या रात्रीचा पेला

मालकानं विल्फ्रिदोला कॉफी पोचवायला पाठवलं होतं. काम एवढंच. दोन पुड्या कॉफी, एक पुडकं मेणबत्त्या. मैताच्या घरी नेऊन द्यायच्या, मालकाच्या नावानं वेदीपुढं क्रूस करायचा आणि घरी येऊन झोपायचं. लहान मुलालाही सांगावं असलं काम.

एदिसोन, डॉमिनो ठेव खाली. लाइट गेलेली आहे, सोंगट्या दिसत नाहीत आणि तू तसाही हरतोच आहेस. आणि ते चापट्या मारणं बंद कर. मघापासून बघतोय, हौद घासायला लावतात म्हणून आरोग्यखात्याच्या बायांना शिव्या देतोस आणि इथं डास मारत बसतोस. तुम्ही बारांकिया शहरातली पोरं. नळ उघडला की पाणी. मावशी गेली, तिच्या नऊ रात्रींना आलात, बसलात, कॉफी प्यालात, बरं केलंत. आता ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही. मी शाळेत दोन वर्षं गेलोय, तीही मास्तर चुकवत, तेव्हा मला शास्त्र शिकवू नका. विल्फ्रिदो माझ्या धाकट्या पोरीचा धर्मबाप आहे. खोटं बोलायला लागणारी अक्कल त्याच्याकडं नाही.

परवाच्या नोव्हेंबरातली चौदा तारीख. शुक्रवार. खाडीपलीकडच्या सान रोके वाडीत.

सान रोके म्हणजे साथीच्या रोगांपासून राखणारा संत. ऑगस्टात त्याची मिरवणूक निघते, फटाके, बँड, सगळं. त्या वर्षी बहुतेक बँड आवडला नाही त्याला.

वाडीत नळ नाही. पाणी एकाच माणसाचं, आनिबाल मारुगोचं. अंगणात हा एवढा सिमेंटचा हौद, माणसाच्या छातीइतका उंच, वरून सताड उघडा. नदीचं पाणी पंपानं आणून त्यात सोडायचं, आणि विल्फ्रिदोनं गाढवाच्या गाडीवर पिंपं भरून घरोघर घालायचं. वाडीत जन्मलेलं पोर पहिली आंघोळ आनिबालच्या पाण्यानं करायचं आणि म्हाताऱ्याचं मढंही त्याच पाण्यानं धुवायचं. असा माणूस माजणार नाही तर काय होईल? बायका फडक्यातून गाळून पाणी भरायच्या. फडक्यात अळ्या वळवळायच्या. कुणी बोललं तर आनिबाल म्हणायचा, "मटण फुकट देतोय, तक्रार कसली?"

पाऊस लांबला त्या वर्षी आणि हाडमोड्या ताप आला. डेंग्यू म्हणता तुम्ही. आरोग्यखात्याच्या दोघी बाया ब्रश आणि ब्लीचचा डबा घेऊन आल्या. नुसतं पाणी उपसून भागत नाही म्हणाल्या, डासाची अंडी पाण्याच्या वर भिंतीला चिकटतात, काळ्या रेतीसारखी, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी चढलं की फुटतात. भिंती घासा, वर झाकण घाला. डास तापाच्या माणसाला चावतो आणि मग शेजारच्याला चावतो, वाडीच्या मधोमध असा हौद म्हणजे सगळ्यांचं मरण. आनिबालनं फाटकाला कुलूप घातलं. आतून ओरडला, "माझ्या हौदात डास आहेत, तर तुमच्या देवळात नाहीत का? जा, पाद्र्याचं पवित्र पाण्याचं भांडं घासा!"

लोक हसले. विल्फ्रिदोही हसला.

हौदाच्या भिंतीला लागून नेल्सीचं घर. नवरा नाही, मासे खारवून विकायची. तिची एकच पोर, यालिमा, सात वर्षांची. भिंतीवर चढून बसायची आणि विल्फ्रिदोच्या गाढवाला रोज नवीन नाव ठेवायची. एक दिवस ती भिंतीवर दिसली नाही. अंग फणफणलेलं. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणायची, उजेड नको म्हणायची, हातपाय कुणीतरी पिळतंय म्हणून रडायची. तीन दिवस भट्टीसारखी भाजली. चौथ्या दिवशी ताप उतरला. नेल्सीनं मेणबत्ती लावली संताला. पण पोरीचे हात गार. पोट धरून वाकलेली. ओकारी थांबेना, हिरड्यांतून लाल लाल यायला लागलं, आणि एकच धोशा. पाणी. पाणी दे. दिलं की ओकायची.

रात्री नेल्सी आनिबालच्या फाटकाशी गेली. वाडीत गाडी एकच, त्याची. दवाखाना तालुक्याला, तासाभराचा कच्चा रस्ता.

"मालक, गाडी द्या. पोर बघवत नाही."

"ताप आहे का?"

"नाही. उतरला. पण..."

"ताप उतरला ना? मग गाडी कशाला?"

फाटक लावून घेतलं. हे विल्फ्रिदोनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो मागच्या पडवीत झोळीत पडला होता. पहाटे शेजारून नेल्सीची एक किंकाळी आली. एकच. दुसरी आली नाही.

तर यालिमाची नववी रात्र ती. आणि मालकानं स्वतः न येता कॉफी पाठवली.

विल्फ्रिदो पुड्या घेऊन आत गेला तेव्हा अंगणात अख्खी वाडी. म्हाताऱ्या बायका जपमाळ ओढत होत्या. त्यातली ओफेलिया मावशी, जिची जीभ मासे साफ करायच्या सुरीपेक्षा तेज, तिनं पुड्यांकडं बघितलं.

"मालक नाही आला?"

"पाय दुखतोय त्याचा."

"मग गाडीत बसून यायचं. दहा पावलांवर तर घर." मग कॉफी हुंगली. "चांगली आहे. त्याच्याच पाण्यात उकळायची ना?"

विल्फ्रिदो कोपऱ्यात जाऊन बसला.

तुम्ही शहरात कसं करता मला ठाऊक नाही. आमच्याकडं वेदीखाली पाण्याचा पेला ठेवतात, त्यात कापसाचा बोळा. गेलेला जीव नऊ रात्री घरातच असतो, त्याला तहान लागते, तो येऊन कापूस चोखतो. सकाळी पाणी उतरलेलं दिसतं. आता तोंड वाकडं करू नकोस एदिसोन, उन्हानं वाळतं हे मलाही कळतं. नवव्या रात्री मेणबत्त्या एकेक करून विझवायच्या, वेदीचं पांढरं कापड काढायचं, सगळ्यांनी दारातून बाजूला व्हायचं, दारात उभं राहिलं तर जीव अडतो. आणि पेल्यातलं उरलेलं पाणी उंबऱ्याबाहेर रस्त्यावर ओतायचं. पाणी जिकडं, जीव तिकडं. रस्त्यानं सरळ देवाकडं. ते कुणाच्या घराकडं ओतायचं नसतं. हे आमच्याकडं दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

यालिमाचा पेला म्हणजे रम प्यायचा जाड काचेचा, बुटका. शोकात पाणी गाळून भरायचं कुणाला सुचणार? पहिल्या रात्री हौदाचं पाणी तसंच भरलं होतं.

शेवटची मेणबत्ती विझायच्या आधी नेल्सीनं पेला उचलून उजेडासमोर धरला. नऊ दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती.

पेल्यात अळ्या होत्या. वर-खाली, वर-खाली. काठावर दोनचार डास नुकतेच कोशातून निघून पाण्यावर उभे होते. पाय वाळवत.

"मेल्यावरही हेच पाजलं मी तिला," नेल्सी म्हणाली.

हळू म्हणाली. भात झाला म्हणावं तसं.

मग पेल्यावर तळवा झाकला आणि दाराकडं निघाली. सगळे बाजूला सरकले. उंबरा ओलांडला. आता ओतेल म्हणून बायकांनी क्रूस केला.

तिनं ओतलं नाही. रस्त्यावर आली आणि डावीकडं वळली. आनिबालच्या फाटकाकडं. एक हात पेल्यावर आणि दुसरा हात मागं, खाली, असा... लहान पोराचं बोट धरलेल्या बाईचा असतो तसा.

"ये बाळा," ती म्हणत होती. "इकडून. दगड आहे, बघून."

ओफेलिया मावशी ओरडली, "नेल्सी! तिकडं नको गं! पोरीची वाट लावू नकोस!"

फाटक विल्फ्रिदो उघडं टाकून आला होता. ती आत गेली, हौदाशी टाचा उंचावून उभी राहिली आणि पेला पालथा केला.

"तुझं पाणी तुला," म्हणाली. "आणि माझी पोरही बघ आता तूच."

पेला हौदाच्या काठावर ठेवून ती निघून आली. पहाटेच्या होडीनं बहिणीकडं गेली, दूर, समुद्राकाठच्या गावाला. परत आली नाही. हे ध्यानात ठेवा. ती वाडीत नव्हती.

विल्फ्रिदोनं मालकाला सगळं सांगितलं. आनिबाल पोट धरून हसला. "पेलाभर पाणी घेणारे पुष्कळ पाहिले, घालणारी पहिलीच! माझा तर फायदा झाला." आणि तो पेला उचलून खाडीत भिरकावला. विल्फ्रिदोनं डुबुक ऐकलं.

सकाळी पेला आनिबालच्या पलंगाशी होता. जमिनीवर, उशाकडं. काठोकाठ भरलेला. कापूससुद्धा.

आनिबालनं विल्फ्रिदोच्या मुस्कटात मारली. विल्फ्रिदो गाढवासारखा मार खाऊन घेणारा, पण तोही म्हणाला, "मालक, माझी आई मेली तिची आण. मी नाही ठेवला." आनिबालनं पेला दगडावर आपटून फोडला. काचा झाडून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पेला तिथंच. अख्खा. पण पाणी बोटभर उतरलेलं.

मग रोज तेच चाललं. आनिबालनं पलंग हलवला, पेला पलंगामागं गेला. दाराला आतून कडी, खिडकीला जाळी, उपयोग नाही. आणि रोज पाणी थोडं खाली. रात्री विल्फ्रिदोला झोळीतून ऐकू यायचं. चुक... चुक... चुक... ओला कापूस चोखल्यासारखं. गाढव दावं ताणून अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभं राहायचं.

विल्फ्रिदोनं त्याला हात जोडून सांगितलं. "मालक, नेल्सीच्या बहिणीकडं चला. दारात उभे राहा. चुकलं म्हणा. एवढाच शब्द. नाहीतर निदान हौद तरी घासू या, झाकू या."

"सात वर्षांच्या पोरीला भिऊन मी हौदाला झाकण घालू?"

पण भ्यालेला होता. कारण त्याच दिवशी कुणाला न सांगता हौद उपसून टाकला. थेंब ठेवला नाही. भिंती मात्र घासल्या नाहीत. त्या आरोग्यवाल्या बायांचं ऐकल्यासारखं झालं असतं ना! तळ उन्हात वाळवला आणि पुन्हा पाणी चढवलं. झालं. आठवड्यात घरभर डास. आणि कसले? दिवसाढवळ्या चावणारे, पायावर पांढरे पट्टे. शेजारच्या घरात एक नाही. विल्फ्रिदोला एक चावला नाही. झोळीवरून जायचे. रांगेनं. आतल्या खोलीकडं.

तापाचा पहिला दिवस, आनिबाल म्हणाला डोळ्यांच्या मागं दुखतंय. खिडकी लाव.

विल्फ्रिदोनं खिडकी लावली. यालिमाही हेच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी हातपाय कुणीतरी पिळतंय म्हणून तो एवढा थोरला माणूस रडला. ओफेलिया मावशी कुंपणापाशी येऊन बघून गेली. "गाडीत घाल आणि दवाखान्यात ने," विल्फ्रिदोला म्हणाली. "मला त्याची कीव नाही. पण ती पोर तिथं अडकलीय. तो मेला तर तिला कोण सोडवणार?" आनिबाल गाडीत बसेना. घर सोडलं की मागं पेला कुणीतरी पिऊन टाकेल म्हणायचा. पाण्यावर नजर लावून पडून राहायचा. पेल्यात आता दोन बोटं उरली होती.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, ताप उतरला.

आनिबाल उठून बसला. उकडलेल्या युका कंदाचा तुकडा मागितला. म्हणाला, "बघ! काही होत नाही मला. म्हशीची कातडी आहे." विल्फ्रिदोनं त्याचा हात धरला.

हात गार होता. ओला. माशासारखा.

रात्री लाइट गेली. साडेदहा झाले असतील, वाडीतले रेडिओ एकदम बंद झाले म्हणून त्याच्या लक्षात राहिलं. वारा नाही. खाडीतले बेडूक ओरडत होते. मग तेही थांबले.

आतून आवाज आला. "विल्फ्रिदो..."

तो कंदील घेऊन गेला. आनिबाल पोट धरून वाकला होता. ओकलेला. कंदील जवळ नेला तर दातांच्या फटी काळ्या दिसल्या. काळ्या नव्हत्या. रक्त होतं.

"गाडी काढ," आनिबाल म्हणाला. "गाडी काढ रे. मला ने. मी येतो... तिच्या दारात पण येतो... म्हणतो काय म्हणायचं ते..."

शेवटी म्हणाला बघा. पण केव्हा!

विल्फ्रिदो धावला. खिळ्यावरून चावी घेतली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. म्हणजे गाडीचा काही दोष नव्हता, हे लिहून घ्या. दिवे लावले. दिव्यांचा झोत सरळ खोलीच्या दारात पडला. इंजिन चालू ठेवून तो आत आला.

"उठा मालक. गाडी दारात आहे. माझ्या खांद्यावर हात टाका."

मालक उठला नाही.

पाठ टेकून सरळ पडला होता. डोळे उघडे. छताकडं.

"मालक..."

काही नाही.

पलंगाखालून... चुक... चुक...

"मालक, चला ना..."

तोंड उघडलं. आनिबालचंच तोंड. ओठ हलले. विल्फ्रिदोनं कंदिलात नीट बघितलं, ओठ हलले. पण आवाज...

आवाज सात वर्षांच्या पोरीचा.

"ताप उतरला ना?"

...

"मग गाडी कशाला?"

विल्फ्रिदोच्या हातून कंदील पडला. बाहेरचा झोत होता तेवढाच. त्या उजेडात त्यानं पेला बघितला. पाणी खाली जाताना बघितलं. डोळ्यांसमोर. बोटभर. अर्धं बोट. मग कापूस उचलला गेला... आणि पिळला गेला...

तो कसा बाहेर पडला, कुंपण कुठून ओलांडलं, त्याला ठाऊक नाही. ओफेलिया मावशीच्या दारात सापडला. दातखीळ बसलेली.

उजाडल्यावर लोक गेले. तोवर कुणाची छाती झाली नाही. गाडी अजून चालूच होती. दिवे लागलेले. आनिबाल पलंगावर गार. पेला नव्हता. सगळं घर शोधलं, हौद शोधला, नव्हता.

तालुक्याच्या डॉक्टरनं बघितलं आणि विल्फ्रिदोवरच डाफरला. ताप उतरतो तीच वेळ वाईट, म्हणाला, पोट दुखतं, हातपाय गार पडतात, रक्त सुटतं, तेव्हाच उचलून आणायचं असतं, हे सतरा वेळा सांगितलंय तुम्हाला. आता काय, डेंग्यूनं गेला. झालं.

हो एदिसोन, बरोबर आहे तुझं. हौद घासला नाही, भिंतीवरची अंडी फुटली, डास चावले, माणूस मेला. मी नाही म्हटलंय का? तुझ्यापेक्षा मला जास्त मान्य आहे. आणि मला विचाराल तर बरं झालं. संतांनी क्षमा करावी, त्यांना वेळ असतो.

त्याच्या नऊ रात्री कुणी बसलं नाही. शहरातून पुतण्या आला, त्यानं वेदी मांडली, पण पेला ठेवला नाही. अख्ख्या वाडीत त्याला कुणी पेला उसना दिला नाही. तहानलेलाच गेला तो. गेला असेल तर.

मग वाडीनं मिळून हौद घासला. ब्लीच, साबण, तारेचे ब्रश, दोन दिवस. ओफेलिया मावशी स्वतः आत उतरली, यालिमाला हाका मारत घासत होती. चल बाळा, चल आईकडं. वरून सिमेंटचं जाड झाकण ओतलं, सळया घालून, कडेनं लिंपून. पाणी आता खालच्या तोटीतून निघतं. आत जायला डासाला फट नाही. त्यानंतर वाडीत एकाला ताप आला नाही.

विल्फ्रिदो अजून तेच पाणी घालतो. पहाटे पहिला तोच जातो हौदाशी. मी मागच्या महिन्यात त्याच्याकडं मुक्कामाला होतो, त्यानं मला उठवून नेलं. बोट दाखवलं फक्त.

मार्चातले दिवस. चार महिने पाऊस नाही, दव नाही, खाडीकाठच्या चिखलाला भेगा पडल्यात. झाकण शेकलेलं, राखेसारखं कोरडं.

त्यावर मधोमध एक ओलं वर्तुळ होतं. बुटक्या पेल्याच्या बुडाएवढं.

मी अंगठ्यानं पुसलं.

आम्ही दोघं तिथंच उभे होतो. कुणी हललं नाही. आणि ते पुन्हा उमटलं...